पैलवानाच्या रेघा

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या मुलीने खोली अंधारी केली, माझा डावा डोळा झाकला, समोर बारीकसा उजेडाचा ठिपका लावला आणि विचारलं, "काका, किती लाइट दिसतायत?" मी म्हणालो, "दोन." ती म्हणाली, "नीट बघा ना काका, एकच आहे." आणि मी ताबडतोब म्हणालो, "हो हो, एकच आहे." तिने कागदावर खूण केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. दिसत मला दोनच होते. एक ठळक आणि त्याला चिकटून जरा फिका दुसरा, आणि तिच्या सांगण्याने त्यातला एकही कमी झाला नव्हता. मग डॉक्टरांनी यंत्रातून डोळा पाहिला आणि आपणहून म्हणाले, "मोतीबिंदू असा बसलाय की तुम्हाला एकाचे दोन दिसत असणार. दिसतात ना?" मी म्हणालो, "दिसतात." "मग कागदावर एक कसं?" मी हसलो. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला उत्तर येत नसलं की त्याने हसावं, लोक वय बघून सोडून देतात. डॉक्टरांनीही सोडलं. मलाच ते सोडता येईना. थेंब घातलेले डोळे मिटून बाकावर बसलो तरी तेच मनात घोळत होतं. एवढीशी पोर, माझ्या लेकीपेक्षा, तेजलपेक्षा लहान, तिने नुसतं 'नीट बघा ना' म्हटलं आणि मी डोळ्यांदेखत पलटलो. चाळीस वर्षांत माझ्यात काडीचाही फरक पडलेला नाही. आणि आज संध्याकाळी पाच वाजता विद्यापीठातल्या मृणालिनी मॅडम घरी येणार होत्या, त्या नेमकं ह्याच बाबतीत विचारायला.

नंदाने दंडाला धरून मला रिक्षात बसवलं. थेंबांमुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या, घाटकोपरचं दुपारचं ऊन आडकाठी नसल्यासारखं आत शिरत होतं. मेट्रोच्या खांबांना पांढऱ्या कडा आल्या होत्या, दुकानांच्या पाट्या वितळल्या होत्या, पुढच्या स्कूटरचा आरसा डोळ्यात खुपत होता. "तोंड का पाडलंय?" नंदा म्हणाली. मी म्हणालो, "काही नाही." "ऑपरेशनची भीती वाटते का?" "नाही गं." "मग ते मॅडमचं?" मी डोळे मिटून घेतले. "अहो, खरं असेल ते सांगा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला काय सांगायचं, की खरं काय ते तुलाही ठाऊक नाही? तिला एवढंच माहीत की आपला नवरा संस्थेत तारे मोजायचा. मलाही तेवढंच माहीत असतं तर किती बरं झालं असतं. फार थकवा आला होता. दवाखान्याचा नाही, ह्या एका गोष्टीला सांभाळून सांभाळून आलेला थकवा. माणूस जड पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत चालत राहतो आणि ती खाली ठेवायची असते हेच विसरून जातो, तसं काहीतरी झालं होतं.

तारे मोजायचं काम म्हटलं की लोकांना वाटतं, रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसत असतील. मी आयुष्यात दुर्बिणीतून एकदा चंद्र पाहिला, तोही ऑफिसच्या सहलीला. आमचं काम साडेनऊ ते साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवण. पवईच्या अलीकडे तेव्हा झाडी होती, त्या झाडीत आमची दोन मजली संस्था. ती बंद पडून जमाना झाला, आता तिथे टॉवर आहे. दक्षिणेकडच्या कुठल्या कुठल्या देशांतून काचेच्या पट्ट्या यायच्या, बोटभर लांबीच्या. ताऱ्याचा उजेड लोलकातून फाकवून त्या काचेवर उतरवलेला असायचा, करड्या पट्ट्यावर बारीक रेघा. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी लावायची, स्क्रू फिरवत फिरवत आतली तार एकेका रेघेच्या बरोब्बर मध्यावर आणायची आणि आकडा वहीत उतरवायचा. मग पट्टी उलटी फिरवून परत सगळं पहिल्यापासून. सुलट एकदा, उलट एकदा, म्हणजे मोजणाऱ्याच्या डोळ्याचा कल असेल तो कटून जातो. अशा हजारो रेघा मी मोजल्या. रेघ इकडे सरकली तर तारा आपल्याकडे येतोय, तिकडे सरकली तर लांब जातोय. एवढं कळायला मला वर्ष लागलं, कारण विचारायची सोय नव्हती. म्हणजे सोय होती, मला सवय नव्हती. आमचे वडील मेहकरकडून आलेले, महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले. रस्त्यातलं झाकण उघडून मोठ्या दांड्याने व्हॉल्व्ह फिरवायचे, वस्तीला पाणी सोडायचे. पाणी कमी आलं की शिव्या त्यांनाच. ते मला सांगायचे, साहेब विचारेल तेवढंच बोलायचं, आणि त्याला काय ऐकायचंय ते आधी बघायचं. मी ते गाठीला बांधून कामावर गेलो.

त्या सगळ्या काचांत एक तारा होता, त्याला आम्ही पैलवान म्हणायचो. नाव नव्हतंच त्याला, यादीतला लांबलचक आकडा होता. मुंबईतून तो दिसत नाही; दक्षिणेला क्षितिजाच्या अगदी कडेला येत असेल, पण नुसत्या डोळ्यांना सापडण्याच्या पलीकडचा. इतका लांब की त्याचा जो उजेड काचेवर पडला तो निघाला तेव्हा माणसाला लिहिता येत नव्हतं. आमचे साहेब, श्यामसुंदर सर सांगायचे, "दादू, हा आपल्या सूर्याच्या शंभरपट वजनाचा असावा. दहा लाख सूर्य एकत्र पेटवले तर जेवढा उजेड पडेल तेवढा ह्या एकट्याचा." सूर्य पिवळा, हा निळा, इतका तापलेला. आणि असले तारे जगतात थोडं. सूर्याला अब्जावधी वर्षं मिळतात, ह्याला वीस-तीस लाख मिळाली तर डोक्यावरून पाणी. मला तेव्हा वाटायचं, एवढं जळायची घाई कशाला? आता वाटतं, त्याला कोणी विचारलं नसणार. सरांचं सगळं काम ह्या पैलवानावर होतं. आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्यांत वजनदार ताऱ्यांत ह्याची गणना होते हे त्यांना आकड्यांनी दाखवायचं होतं. आणि ते आकडे मी काढत होतो, पंतनगरच्या एका खोलीतून डबा घेऊन येणारा, सत्तावीस वर्षांचा, अजून कायम न झालेला.

सर चांगले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ह्यामुळेच अवघड होतं. वाईट असते तर मी केव्हाच सांगून टाकलं असतं. चंद्रप्रकाश मात्र वेगळा माणूस. माझ्या शेजारच्या यंत्रावर बसायचा, मला दोन वर्षांनी सीनियर, हसतमुख, सगळ्यांना चहा पाजणारा. रुजू झाल्यावर पहिल्या वर्षी एका काचेवर मला एका रेघेशेजारी दुसरी रेघ दिसली. मी उठून सगळ्यांसमोर सांगितलं, ह्यात दोन आहेत. त्याने येऊन पाहिलं, फुंकर मारली, रुमालाने काच पुसली आणि दुसरी रेघ गेली. धुळीचा तंतू होता. तो म्हणाला, "काय दादू, काल जास्त झाली वाटतं? दोन-दोन दिसायला लागले!" सगळे हसले. मी तर आयुष्यात थेंबाला शिवलो नाही, आमच्या घरात वडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्यापासून कोणीच नाही. पण हे मी बोललो नाही. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं, गाल दुखेपर्यंत ताणलेलं. नंतर कित्येक महिने मी जिन्यावर भेटलो की कोणीतरी दोन बोटं वर करायचं. त्यात वाईट हेतू होता की नुसती मस्करी, आणि मस्करी असली तरी ती माझीच का, दारूचीच का, ह्यावर मी आयुष्यातल्या किती दुपारी घालवल्या असतील त्याला हिशोब नाही. चंद्रप्रकाशला हे आठवतही नसेल. त्या दिवसापासून मी एक केलं. नियम असा की आकडे सरळ शाईने लिहायचे, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खोडायचं कधीच नाही. मी आधी पेन्सिलीने लिहू लागलो, सुलट-उलट जुळवून बघू लागलो आणि संध्याकाळी सगळं शाईने गिरवून पेन्सिल खोडून टाकू लागलो. पूर्ण संस्थेत माझी वही सगळ्यांत स्वच्छ. पाहुणे आले की सर ती दाखवायचे.

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये पैलवानाच्या अकरा काचा आल्या. त्याच्या रेघा तशाच रुंद, पसरट असतात, भिंतीवर ओल यावी तशा, त्यामुळे मध्य सापडायला वेळ लागतो. तिसरी काच लावली आणि हेलियमच्या रेघेच्या पोटात मला दोन खळगे दिसले. मी काच पुसली. दोनच. पट्टी उलटी लावली. दोनच. सहाव्या काचेवर परत, नवव्या काचेवर परत, तीच रेघ, अंतर जरा वेगळं. धूळ तीन काचांवर एकाच जागी बसत नाही हे मला कळत होतं. ह्याचा अर्थ काय होतो तेही कळत होतं. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले की असं होतं, एक येतो, एक जातो, रेघ फाटते. पैलवान एकटा नव्हता. दोघे होते, एकमेकांच्या उजेडात लपलेले, आणि जगात त्या क्षणी ते फक्त मला ठाऊक होतं. मी तिन्ही काचांच्या, सुलट-उलट धरून, सहा जोड्या पेन्सिलीने लिहिल्या. शेजारी चंद्रप्रकाश शीळ वाजवत होता. साडेपाच वाजेपर्यंत मी तसाच बसून राहिलो, मग प्रत्येक जोडीची सरासरी काढली, ती शाईने लिहिली आणि खाली जे होतं ते खोडलं. रबराचा चुरा फुंकरीने उडवला. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी पाहिलंही नाही.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण चार दिवसांनी सर वही घेऊन स्वतः माझ्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले, असं ते कधी करत नसत. म्हणाले, "दादू, हेलियमच्या रेघेत तुला काही वेगळं दिसलं का रे?" मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ह्यांना काय ऐकायचं असेल? ह्यांचा सगळा प्रबंध एकाच ताऱ्यावर उभा. दोन निघाले तर शंभराचे पन्नास-पन्नास होतात, पैलवानाचा पैलवानपणा जातो. माझं कायम व्हायचं पत्र त्याच महिन्यात त्यांच्या सहीला होतं. मी म्हणालो, "नाही सर." "नक्की?" "नक्की सर. एकच आहे." ते वही मिटत म्हणाले, "तू नाही म्हणतोस म्हणजे नाहीच," आणि उठून गेले. प्रबंध छापला गेला, नाव झालं. दहाएक वर्षांनी बाहेरच्या देशातल्या लोकांनी चांगली यंत्रं लावून पाहिलं आणि दोन तारे स्वच्छ वेगळे काढले. सरांचा आकडा यादीतून गेला. ते मला एवढंच म्हणाले, "आपल्या काचाच पुरेशा नव्हत्या, काय करणार?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. काचा पुरेशा होत्या. ते गेले त्याला आता बारा वर्षं झाली. मी पोचवायला गेलो होतो, मागच्या बाजूला उभा राहिलो.

घरी आलो. पंधराव्या मजल्यावरच्या आमच्या नव्या घराच्या खिडकीतून इतका उजेड येत होता की नंदाने पडदे ओढले. तेजल पवईहून हाफ डे टाकून आली होती. मॅडमचा मेसेज आठवड्यापूर्वी आला तो तिनेच आधी वाचला होता, माझा फोन तीच बघते. सरांच्या घरच्यांनी त्यांचे कागद विद्यापीठाला दिले, त्यात माझी वही निघाली. मॅडमनी पानावर तिरपा उजेड टाकून फोटो काढले तेव्हा शाईच्या शेजारी खोडलेल्या पेन्सिलीचे दबलेले वळ दिसले. आकडे नीट वाचता येत नव्हते, पण जागोजागी जोड्या होत्या हे कळत होतं. तेव्हापासून तेजल पेटली होती. "पप्पा, कळतंय का तुला? जगाच्या दहा वर्षं आधी! आणि तुझ्या सरांनी दाबलं. सरळ सरळ दाबलं. माझ्या ऑफिसात आजही तेच चालतं, प्रेझेंटेशन मी बनवायचं आणि मीटिंगमध्ये बोलायचं दुसऱ्याने." तिचं खोटं नव्हतं. तिचा राग मला आवडत होता, माझ्याकडे तो कधीच नव्हता. माझ्या वाटणीचं ती रागावत होती आणि मी गप्प बसून ते घेत होतो.

पाचला मॅडम आल्या. तिशीच्या, पाठीला बॅग, चपला दाराबाहेर काढून. नंदाने पोहे दिले. तेजलने फोन टेबलावर उभा करून रेकॉर्डिंग लावलं. मॅडम फार नीट बोलल्या. "काका, तुमच्यावर काही दडपण नाही. पण मी लिहितेय त्यात हे पान येणार. तुम्हाला दोन रेघा दिसल्या आणि वरून सांगून खोडायला लावल्या असं असेल, तर पहिली नोंद तुमची. मी ती तुमच्या नावाने छापेन. आणि तुम्ही स्वतःच खोडल्या असतील..." मी म्हणालो, "तर?" "तर ती नोंद राहत नाही, काका. नुसती खाडाखोड राहते. तुमचं नाव घालता येणार नाही." तेजल माझ्याकडे बघत होती. मला दिसत होतं तिचं तोंड, पांढऱ्या कडेचं, जरा दुहेरी. तिला काय ऐकायचं होतं ते सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. मॅडमनाही तेच ऐकायचं असावं, त्या चांगल्या घरच्या होत्या आणि त्यांना चांगलं वागायचं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. 'सरांनी सांगितलं.' कोणी 'नाही' म्हणायला उरलेलं नाही. आणि ते अगदीच खोटं तरी होतं का? सरांनी नाही, पण कोणीतरी सांगितलं होतंच ना? त्या जिन्यावरच्या बोटांनी, त्या हसण्याने, वडिलांच्या त्या उपदेशाने? पण मॅडम 'सरांनी' म्हणून लिहिणार होत्या.

"मीच खोडल्या," मी म्हणालो.

"पप्पा," तेजल म्हणाली, "घाबरू नकोस ना यार. ते गेलेत आता."

"घाबरून नाही गं. घाबरून तेव्हा बोललो होतो. सर मला विचारायला आले होते. माझ्या टेबलाशी बसले होते. मी त्यांना नाही म्हणालो."

मॅडमनी पोह्यांची बशी खाली ठेवली. बॅगेतून एक प्लास्टिकची फाइल काढली, त्यातला एक छापील फोटो माझ्यासमोर ठेवला. मला वाचता येईना, थेंब उतरले नव्हते. त्यांनीच वाचलं. सरांच्या रोजनिशीतलं मार्चमधलं पान होतं. "'पैलवान दोन असावेत असा संशय आहे. असतील तर माझं गणित चुकतं, पण खरं कळेल, आणि ते जास्त मोठं. दादूला विचारलं. नाही म्हणाला. त्याला दिसलं असतं तर मला आनंदच झाला असता.' काका, मला हे कळत नव्हतं. मला वाटलं, स्वतःला वाचवायला लिहिलं असेल."

नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. म्हणजे सरांना 'हो' हवं होतं. मी त्यांचं तोंड वाचलं आणि साफ चुकीचं वाचलं, हजारो रेघा न चुकता वाचणारा मी. किती वेळ मी रडतोय हे मला कळलं नाही, थेंबांचंच पाणी वाटत होतं. तेजलने हात लांब करून रेकॉर्डिंग बंद केलं. मला वाटलं ती रागावून उठून जाईल. गेली असती तरी मी काही म्हणालो नसतो.

"सॉरी काका," मॅडम म्हणाल्या. "पण मग मला नाव नाही घालता येणार."

"नका घालू. आकडे लिहून घ्या. तिसरी काच, सुलट. त्रेचाळीस दशांश सहा एक दोन. आणि त्रेचाळीस दशांश सहा आठ शून्य."

"काका, तुम्हाला पाठ आहेत? चाळीस वर्षं?"

"सहाही जोड्या. सुलट आणि उलट."

"पण आठवणीतले आकडे पुरावा म्हणून नाही चालत, काका. खरंच नाही चालत."

"माहीत आहे."

मॅडमचा हात पेनाकडे गेला नाही. त्यांचं बरोबर होतं, मी त्यांच्या जागी असतो तर मीही लिहिलं नसतं. मग तेजल उठली. टीव्हीखालच्या खणातून बिलांचा कागद काढला, त्याची कोरी बाजू वर केली, पेन शोधलं, आणि माझ्या पायाशी जमिनीवर बसली. तिने लिहिलेलं मी ऐकलं, कागदावर पेन चालल्याचा आवाज. "त्रेचाळीस दशांश सहा एक दोन," ती म्हणाली. "सहा आठ शून्य. लिहिलं. आता उलट सांग."

मी डोळे मिटले आणि सांगायला लागलो.